एकशे अठ्ठावीस घरं पुढे

सुमनबाई प्रूफ तपासताना पेन वापरत नसत. पदराला लावलेली सेफ्टी पिन काढून तिच्या टोकानं एकेक अक्षर टेकत पुढं जायच्या. कागद फाटायचा नाही, पण उजेडात धरला तर प्रत्येक अक्षराखाली बारीक खळगा दिसायचा. माझ्या दुकानातले त्यांनी तपासलेले कागद मी फेकून दिलेले नाहीत. त्यांवरून बोट फिरवायला मात्र मला धीर होत नाही.

बारामतीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, वाढदिवसाचे बॅनर अशी नेहमीची कामं. सराफ गल्लीत सोन्याचं बारीक काम करणारे बंगाली कारागीर आहेत, त्यांच्या पूजेच्या पत्रिकाही माझ्याकडंच छापल्या जातात. ती लिपी मला टाइप करता येते, अडखळत वाचताही येते, ती बाईंमुळे. हे लिहायचं ते बाईंविषयीच. मध्ये मध्ये मी येईन, कारण दोन ठिकाणी मी बोलायला हवं होतं आणि बोललो नाही, आणि एका ठिकाणी नको ते बोललो.

बाई मूळच्या शेळगावच्या. इंदापुरात एका खासगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायच्या. मी त्यांचा विद्यार्थी. उंच, सावळ्या, आवाज जरा घोगरा. चहा बशीत ओतून प्यायच्या आणि बशी रिकामी झाली की ती उलटी ठेवायच्या. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं: "दिसतं ते अक्षर नाही, पोचतं ते अक्षर." टायपिंगमध्ये चूक करून "पण बाई, दिसतंय तर बरोबर" असं कुणी म्हणालं की हे वाक्य ठरलेलं.

एकदा त्यांनी फळ्यावर दोन लांब गल्ल्या काढल्या. म्हणाल्या, "मशीनला क कळत नाही. त्याला घराचा नंबर कळतो. ही आपली गल्ली. क एका घरात, ख शेजारच्या घरात. ही पुढची गल्ली बंगाल्यांची. आपल्या क च्या दारातून निघून एकशे अठ्ठावीस घरं पुढं चालत गेलं, की बरोबर त्यांच्या क चं दार. ख चं तसंच, ग चं तसंच. ही वस्ती ज्यांनी आखली, त्यांनी हिशेबानं आखली."

मग त्यांनी दुसऱ्या गल्लीतली काही घरं नुसत्या रेषेनं काढली, आत काही न लिहिता.

"आता ळ. मोजत गेलं की तिकडं जागा आहे, आत कुणी नाही. त्यांच्याकडं ळ नाहीच. व चंही तेच. त्यांचे ब आणि व दिसायला सारखे, म्हणून दोघं एकाच घरात राहतात, दुसरं रिकामं. कऱ्हाटीतला तो वाकडा र नाही. मॅडममधली चंद्रकोर नाही, डॉक्टरमधली नाही."

"म्हंजी बाई, शेळगाव?" मागून कुणीतरी विचारलं.

"दोन भोकं."

"भवानीनगर?"

"एक. बारामती आणि इंदापूर मात्र पूर्ण पोचतात."

कऱ्हाटीचा एक पोरगा उभा राहिला. "बाई, आमच्या गावाला भोक हाय म्हंता. मग आमची यष्टी रोज भोकातच जाती व्हय?"

"म्हणूनच तू रोज उशिरा येतोस," बाई म्हणाल्या. वर्ग हसला. पुढच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नव्हती. तिनं विचारलं, "बाई, त्या रिकाम्या घरात कोण ऱ्हातं?"

"कुणी नाही."

"मग घर कशाला ठिवलं?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "नंबर आहे. नंबरानं हाक मारली की दार उघडतं." त्यांनी मशीनवर ळ चा नंबर घेतला, एकशे अठ्ठावीस पुढं नेला आणि आम्हाला पडदा दाखवला. तिथं एक छोटा रिकामा चौकोन होता. तो चौकोन तेव्हाही मला कुणाची तरी वाट बघितल्यासारखा वाटला होता. नंतरच्या गोष्टींमुळे आता तसं वाटत असेल, तेही शक्य आहे.

बाईंना पलीकडच्या गल्लीचं एवढं माहीत असायचं कारण त्यांचे यजमान. निखिलदा बंगालचे, साखर कारखान्यात केमिस्ट. दोघं भवानीनगरला राहायचे. निखिलदांना मराठी बोलता यायचं, पण देवनागरी वाचताना ते लहान मुलासारखे अडखळायचे. म्हणून बाईंनी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. त्या मराठीत चिठ्ठी लिहायच्या, प्रोग्राम प्रत्येक अक्षराला एकशे अठ्ठावीस घरं पुढं नेऊन सोडायचा. भाषा बाईंची, अक्षरं निखिलदांची. ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवलेली असायची: दूध तापव, कुलूप लाव, दळण आण. ज्या ज्या जागी व किंवा ळ, त्या त्या जागी चौकोन. निखिलदा ते चौकोन पेन्सिलीनं भरायचे. कसे भरायचे ते त्यांचं त्यांनाच ठाऊक, कधी ब ला शेपूट काढून, कधी ल खाली टिंब देऊन.

क्लास संपल्यावरही मी त्यांच्याकडं जेवायला जायचो. निखिलदा मला बाळू न म्हणता बालू म्हणायचे. "बालू, तुमची बाई चिठ्ठी नाही लिहीत. चालनी लिहिते. पीठ चालायची चालनी."

"तुमच्या लोकांनी घरं रिकामी ठेवलीत, त्याला मी काय करू?" बाई स्वयंपाकघरातून.

"मी भरतो ना रोज. तक्रार केली का?"

त्यांना मूल नव्हतं. पण त्या घरात कधी शांतता ऐकल्याचं मला आठवत नाही.

एका दुपारी निखिलदा बारामतीला जातो म्हणून स्कूटरवर निघाले आणि पोचले नाहीत. स्कूटर कालव्याच्या कडेला सापडली. नीट स्टँडवर लावलेली, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. कालवा तेव्हा भरून वाहत होता. लोकांनी पुढच्या पुलांपर्यंत शोध घेतला, पोलिसांनी घेतला. शेतीला सोडलेल्या पाण्याचं आवर्तन संपल्यावर पाणी उतरलं, कालव्याचा तळ उघडा पडला, तेव्हा बाई स्वतः आत उतरल्या आणि त्या सुकत चाललेल्या चिखलातून खाली बघत मैलोन् मैल चालल्या. मी वर काठाकाठानं त्यांच्या बरोबरीनं चालत राहिलो. खाली उतरलो नाही. चप्पल, घड्याळ, काहीच सापडलं नाही.

त्यानंतर बाई चिठ्ठ्या निखिलदांच्या फोनवर पाठवायला लागल्या. तोच प्रोग्राम, तीच पलीकडची अक्षरं. संदेशाखाली एकच टिक उमटायची, म्हणजे गेला पण पोचला नाही. मला त्यात वावगं वाटलं नाही. माणूस असं करतं.

वर्षभरात त्यांनी भवानीनगरचं घर सोडलं आणि इंदापुरात भाड्यानं राहायला आल्या. बारामतीला माझ्या दुकानात बंगाली प्रूफं तपासायला यायच्या. काहीतरी बदललं होतं, पण काय ते मला सांगता येत नव्हतं. बोलताना मध्येच थांबायच्या, जणू पायरी चुकवून पलीकडच्या पायरीवर पाय ठेवायचा आहे. आणि मला बाळू म्हणणं त्यांनी बंद केलं होतं. "अरे मुला" म्हणायच्या. मी चाळिशीकडं आलो होतो.

मग एक दिवस त्यांचे थोरले भाऊ दत्तूतात्या शेळगावाहून दुकानात आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ ती फिरवत बसले.

"बाळासाहेब, सुमी तुमच्याकडं येती. तिला इचारा, आमचं काय चुकलं?"

"काय झालं तात्या?"

"गावाकडं येत न्हाय. बरं, न्हाय तर न्हाय. पर गावाचं नावबी घेत न्हाय. फोनवर आयनं इचारलं, सुमे, शेळगावला कवा येतीस? तर गप. नुसती गप. आय म्हंती, माज्या पोरीच्या तोंडातनं माजं गाव कुणी काडून न्हेलं?"

"दुःख आहे तात्या. होईल कमी."

"दुख हाय हे मला कळतं हो. पर परवा मी म्हनलं, सुमे, देवाला तरी जाऊन ये. तर माज्याकडं अशी बघाय लागली, जनू मी भलतीच भाषा बोलतुया."

त्या आठवड्यात बाई आल्या तेव्हा मी कामाकडं कमी आणि त्यांच्या तोंडाकडं जास्त लक्ष दिलं. मग समजलं. बाई ळ बोलत नव्हत्या. व बोलत नव्हत्या. पलीकडच्या गल्लीत ज्याचं घर रिकामं, असं एकही अक्षर त्यांच्या बोलण्यात नव्हतं.

मी न राहवून विचारलं. त्या सहज बोलल्या, जसं काही पथ्य सांगतायत.

"भोकं भरायला आता तो नाही ना. रिकामा चौकोन त्याला कशाला धाडायचा? मग मी तसे शब्दच लिहीत नाही."

"पण बोलताना, बाई?"

"लिहिताना चुकू नये म्हणून."

त्या रात्री मी बसून विचार केला, बाईंकडं आता काय काय उरलेलं नाही. सकाळ नाही, संध्याकाळ नाही, फक्त दुपार. वेळ नाही. जवळ नाही, लांब आहे. देव नाही, जीव नाही, गाव नाही. नवरा नाही, आणि विधवाही नाही. मरण हा शब्द मात्र सगळाच्या सगळा पोचतो. तो त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. आणि चिठ्ठीच्या शेवटी त्या दंड, म्हणजे वाक्य संपवायची उभी रेघ, देत नसत. बंगाली वाक्य संपवायचा दंड आपल्याच गल्लीतला असतो, दोघांत मिळून एकच. तो देणं आपल्या हातात आहे आणि मी देणार नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. मी विचारलं नाही.

याच्यानंतरची गोष्ट म्हणजे माझं पहिलं न बोलणं.

एका दुपारी बाई दुकानात आल्या त्या जवळजवळ धावत. फोन माझ्यासमोर धरला. "बघ. पोचलं."

निखिलदांच्या नंबरावर गेलेल्या त्या दिवशीच्या संदेशाखाली दोन टिका होत्या.

"इतके महिने एकच होती. आता दोन," बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि त्या हसत होत्या. भवानीनगरच्या घरात हसायच्या तशा.

बंद पडलेला नंबर कंपनी काही काळानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते, हे मला माहीत होतं. माझ्याच काउंटरवर मी सिमकार्डं विकत होतो. मी तोंड उघडलं.

"बाई, कधीकधी कंपनी..."

"कंपनी काय?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "कंपनी पोचवायला उशीर करते."

"हां. उशीर," बाई म्हणाल्या. आणि पिन काढून शांतपणे प्रूफ तपासायला बसल्या.

पलीकडं कुणाच्या हातात तो फोन होता, मला माहीत नाही. त्या माणसानं रोज येणारी ती न कळणारी बंगाली अक्षरांतली मराठी वाचायचा प्रयत्न केला असेल का, हेही माहीत नाही. त्यानं कधी उत्तर दिलं नाही, आणि नंबर ब्लॉकही केला नाही. हे दुसरं मला अजून समजत नाही.

अशीच वर्षं गेली. एवढी, की कायद्यानंही निखिलदांना गेलेलं धरायला हरकत नव्हती. तेव्हा बंगालहून त्यांच्या धाकट्या भावाचा मला फोन आला. आजारी होते, प्रवास झेपणार नव्हता. हिंदीत म्हणाले, "भाभी से मैं कह नहीं पाता. श्राद्ध मैं यहाँ करूँगा. आप वहाँ अपने लोगों को खाना खिला दीजिए, कार्ड छाप दीजिए." मजकूर हातानं लिहून त्यांनी फोटो पाठवला. मी टाइप केला. निखिलदांच्या नावाआधी एक खूण होती. बंगालीत गेलेल्या माणसाच्या नावाआधी ती लावतात. आपण कै. लिहितो तसं, पण ती अक्षरं नव्हेत, एकच खूण. मशीनमध्ये तिला स्वतःचा नंबर आहे.

बाईंना आधी घरी जाऊन सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही. त्या नेहमीप्रमाणे आल्या, आणि इतर कागदांबरोबर ते प्रूफही मी टेबलावरून पुढं सरकवलं.

पिनेचं टोक एकेक अक्षर टेकत आलं आणि त्या खुणेपाशी थांबलं.

"ही कुणी घातली?"

"धाकट्या दादांनी पाठवलं तसंच आहे, बाई."

"निखिलला संदेश पोचतात, हे त्याला माहीत नाही?"

मी टेबलावरचे बाकीचे कागद उगाच सारखे केले.

"आपल्याकडे हिचं घर कुठलं?"

"आपल्याकडं नाही, बाई. तिकडंच आहे."

"म्हणजे ही इकडून गेलेली नाही." त्यांनी मान हलवली. "तिकडचीच. तिकडे कुणाला तरी ती लागते. निखिल ती कुणासाठी घालील? ऊठ. मी बसते."

मी खुर्ची दिली. काउंटरवर एक गिऱ्हाईक बॅनर घ्यायला आलं होतं, त्याच्याकडं गेलो. परत आलो तेव्हा बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी पडद्यावर वाचलं. खूण आता सुमन या नावाआधी होती. श्राद्ध सुमनचं होतं. आणि खाली, सगळ्यांनी यावं अशी विनंती करणारा म्हणून, निखिल. नुसता, खुणेशिवाय.

"बाई, हे..."

"अक्षरं बरोबर आहेत ना?"

"अक्षरं बरोबर आहेत."

"मग छाप."

कार्ड छापण्याआधी मी ते पूर्ण वाचलं होतं, हे इथं लिहून ठेवतो. नाही म्हणायचं तर आधी त्या दोन टिकांबद्दल बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा बटण दाबणं सोपं होतं. धाकट्या दादांना फोनवर मी सांगितलं, कार्ड छान झालंय.

श्राद्धाच्या दिवशी बाईंच्या इंदापूरच्या घरापुढच्या अंगणात मांडव घातला. सराफ गल्लीतली कारागिरांची कुटुंबं गाडी करून आली. सगळे निखिलदा नाहीसे झाल्यानंतर बारामतीत आलेले, त्यांना कधी न पाहिलेले. त्यांना बाई 'प्रूफवाल्या दीदी' म्हणून माहीत, नावानं नाही. सुमन कोण हे त्यांच्यापैकी कुणाला कळलं नसणार. गेलेल्या माणसाबद्दल कोण खोदून विचारतं? दत्तूतात्यांना बंगाली वाचता येत नव्हतं. ते निखिलदांचं श्राद्ध समजून आले होते.

बाई लाल काठाची नवी साडी नेसून फाटकात उभ्या होत्या. फाटक सताड उघडं. प्रत्येकाला त्या एकच वाक्य सांगत होत्या, "बसा. निखिल येतोय." कारागीर मान लववून आत येत होते. पंगत बसली. मी खिरीची बादली घेऊन वाढत होतो.

दत्तूतात्यांनी मला कोपऱ्यात ओढलं. "आवं बाळासाहेब, कायतरी करा. सकाळधरनं पान्याचा थेंब न्हाय पोटात. म्या म्हनलं, सुमे, दोन घास खा. तर म्हंती, तो आला की. कोन यायचंय आता हितं?" त्यांनी फाटकाकडं बोट केलं. "उन्हात हुबी हाय बगा. पडंल ती."

खरंच, बाईंनी फाटकाच्या गजावर सगळा भार टाकला होता. नजर रस्त्यावर.

मी परत वाढायला वळलो. पंगतीतल्या एका तरुण कारागिरानं खिशातलं कार्ड काढून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. यजमानासारखा वाढणारा पुरुष तिथं मीच होतो. त्यानं हात जोडले आणि मोठ्यानं विचारलं, "निखिलदा आप ही हैं ना?"

तात्या माझ्याकडं बघत होते. फाटकाकडं मी पाहिलं नाही.

मी म्हणालो, "हां."

पाठीमागं पावलं वाजली. बाई आल्या, पंगतीच्या टोकाला एक पान मोकळं होतं त्यावर बसल्या, आणि साडीचा काठ नीट सावरला. मी पुढं गेलो. बाईंनी वर पाहिलं नाही. पानाकडं बघत म्हणाल्या,

"वाढ."

कितीतरी वर्षांत 'व' हे अक्षर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी वाढलं. त्यांनी सावकाश, एकेक घास करून सगळं खाल्लं, पुन्हा मागून घेतलं. तात्या मांडवाच्या खांबाला धरून रडत होते, त्यांना वाटलं बहीण सावरली. मलाही तसं वाटावं असं मी स्वतःला सांगत होतो. पण एका बाजूनं माझ्या अंगावर गार वारा येत होता, आणि दुपार तर नुसती भाजत होती.

सगळे गेल्यावर मी भांडी आत ठेवली आणि बाहेर येऊन गाडी सुरू केली. बाईंना येतो म्हणावं म्हणून वळलो. त्या फाटकाशी आल्या होत्या. माझ्याकडं पाहिलं, पण एखाद्या येणाऱ्याजाणाऱ्याकडं पाहावं तसं. मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकदा नजर टाकली, आणि दिवसभर उघडं असलेलं ते फाटक ओढून घेतलं. घरातलं शेवटचं माणूस आत आलं की लावतात तसं, निश्चिंतपणे, आतून कडी घालून.

मी बाहेरच होतो.